थायलंडला जा, पण टुरिस्ट म्हणून नको

ताई, मी २८ वर्षांची आहे. बी.ए. इंग्रजी, बी.एड., टीईटी पास. बार्शीतल्या एका इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेत पाच वर्षं शिकवतेय, पगार ११,००० रुपये. पुण्यातल्या एका एजंटानं थायलंडच्या खासगी शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी दाखवलीय. महिना ३५,००० बाट म्हणतो. त्याची फी १,६०,००० रुपये, त्यातले ५०,००० याच महिन्यात भरायचे. शाळेचं नाव पैसे भरल्यावर कळेल. ‘आत्ता टुरिस्टवर जा, पुढचं शाळा बघून घेईल’ असं सांगतो. आईनं पाटल्या काढून दिल्यात. बाबा काही बोलत नाहीत. पण माझी खरी भीती वेगळीच आहे. नेटवर बघावं तर प्रत्येक जाहिरातीत ‘नेटिव्ह स्पीकर हवेत’. मी सातवीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले. आजही घाईत ‘व्ह’ आणि ‘व’चा घोळ होतो. शेजारच्या वर्गात गोरा शिक्षक असला तर माझं इंग्रजी उघडं पडेल ना? मुलं हसतील का? जाऊ की नको?
– एक टीचर, बार्शी

प्रिय टीचर,

तुझं पत्र दोनदा वाचलं. इंग्रजीच्या भीतीबद्दल भरभरून लिहिलंयस आणि टुरिस्ट व्हिसाचं एका वाक्यात उरकलंयस. माझी झोप उडवली ती त्या एका वाक्यानं. (तुझ्या वयाची मला भाची आहे, म्हणून सरळ अगं-तूगं करतेय. राग मानू नकोस.)

मी २००९ ते २०१६ अशी सात वर्षं थायलंडमध्ये शिकवलं. त्यातलं पहिलं वर्ष तुझा एजंट सांगतोय अगदी तसंच काढलं. मलाही असाच एक भला माणूस भेटला होता, त्यालाही पैसे आगाऊच हवे होते आणि तोही ‘पुढचं शाळा बघून घेईल’ म्हणाला होता. शाळेनं बघितलं ते असं: मुदत संपत आली की शनिवारी पहाटे व्हॅनमध्ये बसायचं, कंबोडियाच्या सीमेवर पोइपेटला जाऊन शिक्का मारून घ्यायचा आणि रात्री परत यायचं. सोमवारी आठ वाजता राष्ट्रगीताला हजर.

मग एका सकाळी दुसरा तास चालू असताना ऑफिसातली बाई दारात आली आणि तिनं नुसत्या हातानं ‘चल’ केलं. तिसरीच्या वर्गाला मी ‘देअर इज’ आणि ‘देअर आर’ शिकवत होते. मार्कर हातातच राहिला. कामगार खात्याचे लोक गेटवर आले होते. मला, एका फिलिपिनो बाईंना आणि केनियाहून आलेल्या एका मुलाला कॅन्टीनमागच्या कोठीत नेऊन बसवलं. तांदळाची पोती, फिश सॉसच्या बाटल्यांचे खोके, पंखा नाही. सव्वा तास आम्ही तिघं पोत्यांवर बसून होतो. तो मुलगा हळूच म्हणाला, ‘तुझ्या पोरांनी विचारलं, टीचर कुठे गेली, तर?’ मी वर्गाला काय सांगून आले होते तेच मला आठवेना. रात्री कराडला आईला फोनवर सांगितलं की आज शाळेत इन्स्पेक्शन होतं. खोटं नव्हतं म्हणा.

पत्र वाचताना मला ती पोती आठवली. तुझं इंग्रजी कसं आहे याची तुला काळजी. मला काळजी ही की तिथं तू कुणाच्या कागदावर उभी असशील.

आता नीट ऐक. जुलै २०२४ मध्ये थायलंडनं भारतीयांना ६० दिवस व्हिसाशिवाय राहायची सवलत दिली. ती फिरायला जाणाऱ्यांसाठी. फुकेतला जा, फोटो काढ, परत ये. त्या शिक्क्यावर वर्गात पाऊल टाकलंस की ते बेकायदा काम. परवान्याशिवाय काम करताना सापडलं तर ५,००० ते ५०,००० बाट दंड, देशाबाहेर रवानगी आणि पुढची दोन वर्षं वर्क परमिट बंद. २०१८ पासून कायदा असा आहे. दंड शाळेलाही होतो, पण शाळा दंड भरून आपल्या जागी राहते, विमानात बसवतात ते तुला.

सरळ वाट अशी असते. शाळा तुझी मुलाखत घेते, करार पाठवते. मग शाळा स्वतः तिकडच्या खासगी शिक्षणाच्या कार्यालयाची कागदपत्रं काढते, स्वतःच्या परवान्याची प्रत जोडते आणि सगळं तुला पाठवते. ते जोडून तू इथून, भारतातून, ‘नॉन-इमिग्रंट बी’ व्हिसाचा अर्ज करतेस. तो मिळाला की जायचं. पहिल्यांदा ९० दिवस मिळतात, तेवढ्यात शाळा कामगार खात्याकडून तुझं वर्क परमिट काढते आणि मग मुक्काम वर्षाचा होतो. परमिटवर मालक म्हणून त्याच शाळेचं नाव असतं. त्यानंतरही दर ९० दिवसांनी पत्त्याची हजेरी द्यायची, सुट्टीत बार्शीला यायचं असेल तर आधी रि-एंट्री, म्हणजे परत यायची परवानगी घ्यायची, नाहीतर वर्षाचा मुक्काम विमानतळावरच रद्द. कटकट आहे, पण सवयीनं गॅसच्या नंबरासारखी होऊन जाते.

या वाटेत एजंटानं करायचं काय असतं? खरं तर फारसं काही नाही. शाळा शोधून देणं आणि कागद पुढे सरकवणं. म्हणूनच जो माणूस शाळेचं नाव पैशांनंतर सांगतो, त्याच्याकडे सांगायला शाळाच नाही असं मी धरून चालते. भारतातून परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवायची तर परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी लागते, आणि नोंदणी असलेल्या एजंटलाही उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं. तुझा गृहस्थ त्याच्या पाचपट मागतोय. ई-मायग्रेटच्या सरकारी साइटवर एजंटांची यादी आहे, तिथं त्याच्या फर्मचं नाव टाकून बघ. मिळालं नाही तर वाद घालत बसू नकोस, फोन उचलणं बंद कर. मिळालं तर नोंदणीचा नंबर आणि ३०,०००ची पावती माग. बहुतेक ठिकाणी गोष्ट तिथंच संपते.

आणखी एक सांगते, घाबरवायला नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाला जाहीर सूचना काढावी लागली होती: थायलंडमधल्या नोकरीच्या नावाखाली आपल्या मुलांना सीमेपलीकडे म्यानमारमध्ये नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपत होते. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाची विमानं म्यानमारच्या सीमेवरच्या माए सोत या थाई गावी गेली आणि दोन दिवसांत ५४९ भारतीयांना घेऊन आली. ती बहुतेक संगणकावरची कामं म्हणून नेलेली माणसं होती, शिक्षक नव्हेत. पण ‘टुरिस्टवर ये, गाडी घ्यायला येईल’ हे वाक्य दोन्हीकडे सारखंच असतं. म्हणून विमानतळावरून गाडी कुठे नेणार हे ज्या नोकरीत आधी माहीत नाही, ती नोकरी नाही. आणि पासपोर्ट कुणी ‘ठेवून घेतो’ म्हणालं तर द्यायचा नाही. तो भारत सरकारच्या मालकीचा असतो, शाळेच्या तिजोरीचा नाही.

पैशाचं बोलू, कारण आईच्या पाटल्यांचा प्रश्न आहे.

३५,००० बाट भारतीय पासपोर्टवर मिळत नाहीत असं नाही. बँकॉकच्या एखाद्या चांगल्या इंग्लिश प्रोग्रॅममध्ये, विज्ञान किंवा गणित इंग्रजीतून शिकवणाऱ्या अनुभवी माणसाला मिळतात. पहिल्यांदा जाणाऱ्या, इंग्रजी शिकवणाऱ्या आपल्या माणसाला प्रांतातल्या खासगी शाळेत मी २० ते २५ हजारच धरीन. २५,००० धरू. खोली ५,०००, वीज-पाणी १,५००, जेवण ६,५००, फोन आणि येणंजाणं २,०००, वरखर्च १,०००. उरले ९,००० बाट. बाटाचे अडीच-पावणेतीन रुपये धरले तर साधारण २३-२४ हजार रुपये. म्हणजे एजंटचे १,६०,००० फेडायला सात महिने. तेही बारा महिने पगार मिळाला तर.

बहुतेक फसगत इथंच होते. थाई शाळा मेच्या मध्याला उघडते, ऑक्टोबरात सुट्टी, पुन्हा नोव्हेंबर ते मार्च. एप्रिल मोकळा. काही शाळा बारा महिन्यांचा करार करतात, काही दहाचा. दहाच्या करारात २५,०००चे वर्षाकाठी २०,८०० होतात आणि एप्रिलच्या उन्हात, सोंगक्रानचं, म्हणजे थाई नववर्षाचं पाणी अंगावर घेत, खिशात हात घालायचा. माझा पहिला करार दहा महिन्यांचा होता हे मला मार्चच्या २८ तारखेला कळलं. थाई भाषेत लिहिलेला होता, इंग्रजी प्रत ‘नंतर देऊ’ म्हणाले होते. इंग्रजी शिकवायला आलेल्या बाईनं इंग्रजी प्रत मागितली नाही, याला काय म्हणायचं ते तूच ठरव.

तेव्हा करारात हे बघ: किती महिन्यांचा पगार, आठवड्याला किती तास, गेट ड्यूटी आणि शनिवारचे कॅम्प त्यात धरलेत का, व्हिसा-परमिटची फी कोण भरणार, सोडून जायचं तर किती दिवसांची सूचना. आणि सगळ्यात वर, करार कुणाशी आहे, शाळेशी की मधल्या एजन्सीशी? तिकडे पुष्कळ शाळा शिक्षक एजन्सीकडून भाड्यानं घेतात. शाळा जे देते आणि तुझ्या हातात जे येतं त्यात मग बरंच अंतर पडतं. पहिल्या वर्षी शक्यतो थेट शाळा धर.

आता तुझी खरी भीती.

ब्रज काचरू म्हणून एक भाषाशास्त्रज्ञ होऊन गेले, श्रीनगरात जन्मलेले, पुढे अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात शिकवत होते. त्यांनी १९८५ मध्ये जगातल्या इंग्रजीची तीन वर्तुळं मांडली. आतल्या वर्तुळात इंग्लंड-अमेरिका, जिथं घरातच इंग्रजी. दुसऱ्यात भारत, नायजेरिया, सिंगापूर, जिथं शाळा-कोर्ट-कचेरीत इंग्रजी मुरलेलं. तिसऱ्यात थायलंड, जपान, जिथं ती परकी भाषा म्हणून शिकतात. बी.एड.ला हे तू वाचलंही असशील, परीक्षेपुरतं. माझ्या डोक्यात ते शिरलं ते तिकडच्या स्टाफरूममध्ये. दुसऱ्या वर्तुळातल्या माणसानं इंग्रजी *शिकलेलं* असतं. ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ कुठे वापरायचं हे त्याला कुणीतरी पट्टी घेऊन शिकवलेलं असतं, त्यामुळे तो ते दुसऱ्याला समजावू शकतो. माझ्या शेजारी युरोपातून आलेला एक सहकारी होता, इंग्रजी त्याचीही मातृभाषा नव्हती. व्याकरणाचे पेपर काढायची वेळ आली की तो चहा घेऊन माझ्या टेबलाशी यायचा. पगार त्याला माझ्यापेक्षा १०,००० बाट जास्त. पालकांच्या भेटीच्या दिवशी त्याला दारात उभं करायचे, हार घालून. मला लायब्ररीत पुस्तकं लावायला सांगायचे. हे मी तुला गोड करून सांगणार नाही. चेहरा बघतात. खासगी शाळेला फी भरणारा पालक दाखवायला गोरा माणूस हवा असतो, आणि शाळा दुकान असल्यासारखं तेच काचेत मांडते.

पण ते दारात. वर्गाचं दार लागलं की मामला वेगळा होतो.

थाई मुलाच्या तोंडात शब्दाच्या शेवटी ‘ल’ टिकत नाही, त्याचा ‘न’ होतो. ‘ॲपल’चं ‘ॲप्पन’, ‘फुटबॉल’चं ‘फुटबॉन’, ‘स्कूल’चं ‘सकून’. माझं आडनाव पाटील. मार्कशीटवर आपल्याकडे आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. ऑफिसातल्या बाईनं पहिला शब्द तेच नाव धरून ओळखपत्र छापलं. थाई लोक एकमेकांना पहिल्या नावानंच हाक मारतात. झालं, सात वर्षं मी ‘टीचर पातिन’. पहिला आठवडा मला वाटलं चिडवतायत. मग एक दिवस फळ्यावर स्वतःचं नाव लिहिलं आणि अख्ख्या वर्गाला जीभ टाळूला टेकवून धरायला लावली. ‘पाती…ल्ल्ल्’. चाळीस पोरं, चाळीस जिभा, हसून हसून लोळण. दुसऱ्या दिवशी ‘स्कूल’ नीट आलं. मी त्यांच्याएवढी असताना आमच्या बाईंनी ‘इस्कूल’मधला ‘इ’ काढायला मला असंच छळलं होतं, म्हणून कुठे दाबायचं ते मला ठाऊक होतं. थाई मूल ‘स’ आणि ‘क’च्या मध्ये अ घुसवतं, आपण सुरुवातीला इ लावायचो, रोग तोच. शेजारच्या वर्गातल्या मँचेस्टरच्या पोराला ‘स्कूल’ कधी अवघड असेल हेच पटत नव्हतं. तो फक्त मोठ्यानं पुन्हा म्हणायचा.

तुझा ‘व्ह’ आणि ‘व’चा घोळ म्हणशील तर थाई भाषेत ‘व्ह’ नाहीच. ‘व्हेरी’ला ती मुलं ‘वेरी’ म्हणतात. तू आरशासमोर वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचा सराव कर आणि तोच सराव वर्गात घे. महिन्याभरात तुझाही सुटेल. मुलं हसतील, ते बरोबर. पण ती सगळ्यांनाच हसतात. शिकणं मजेचं असावं ही तिथली अपेक्षाच आहे. कंटाळवाण्या तासाला ती माफ करत नाहीत, मग शिकवणारा मुंबईचा असो की मँचेस्टरचा. खरी डोकेदुखी दुसरीच निघेल: नापास करायचं नसतं. कोऱ्या पेपरला काहीतरी काम देऊन वर ढकलायचं. पहिल्या वर्षी मी यावर भांडले, दुसऱ्या वर्षी दमले.

जाहिरातीतल्या ‘नेटिव्ह’चं व्यवहारी भाषांतर असं: पासपोर्ट इंग्लंड-अमेरिका वगैरे ठराविक देशांचा नसेल तर इंग्रजीचा दाखला आणा. म्हणजे टोइक किंवा आयेल्ट्स. टोइक ९९० गुणांची असते, शाळा साधारण ६०० च्या पुढे मागतात. बी.ए. इंग्रजी झालेल्या तुला दोन महिन्यांच्या तयारीवर ८०० च्या पुढे जायला हरकत नाही. ८५० चा कागद अर्जासोबत गेला की ‘नेटिव्ह’ लिहिलेल्या बऱ्याच शाळा फोन करतात, कारण ते लिहितात एक आणि मिळतं त्यांना दुसरंच. कोरियाच्या शाळांमागे मात्र लागू नकोस, तिथला इंग्रजी शिकवायचा नेहमीचा व्हिसा सात ठराविक देशांच्या पासपोर्टांनाच मिळतो. चीनमधल्या खासगी शिकवण्यांचं पेव २०२१ च्या सरकारी नियमांनंतर आटलं. थायलंड तुझ्यासाठी ठीक निवड आहे.

आणि तुझ्याकडे एक गोष्ट आहे जी त्या दारातल्या गोऱ्या सहकाऱ्याकडे नव्हती. बी.एड.

तिथं शिक्षक परवाना देणारी संस्था आहे, खुरुसफा. मोठ्यानं म्हणून बघ. गुरुसभा! (शिक्षकाला ते ‘ख्रू’ म्हणतात, तो आपला गुरू. परदेशी शिक्षकांच्या नोकऱ्यांची जी जुनी साइट आहे तिचं नाव ‘अजान’, ते आपले आचार्य.) शिक्षणशास्त्राची पदवी नसलेल्याला खुरुसफा दोन वर्षांचा हंगामी परवाना देते आणि मग कोर्स करा, मुदत वाढवा असा गुंता होत बसतो. बी.एड. असलेल्याला पूर्ण परवान्याची वाट मोकळी असते. शाळेच्या ऑफिसला हे पक्कं माहीत असतं, त्यांचं दर दोन वर्षांचं लफडं वाचतं. म्हणून अर्जाच्या पहिल्या ओळीत इंग्रजीबद्दल काही लिहू नकोस. ‘बी.एड., पाच वर्षांचा शाळेतला अनुभव’ हे लिही. एजंट तुला १२० तासांचा टेफेल, म्हणजे परभाषिकांना इंग्रजी शिकवण्याचा कोर्स विकायला बघेल, तो तुला पहिल्या नोकरीसाठी नको.

आता कागदांकडे वळ, कारण तुझे पुढचे तीन महिने त्यातच जाणार आहेत. पहिला प्रश्न: तुझी मूळ प्रमाणपत्रं कुठे आहेत? आपल्याकडे कित्येक खासगी शाळा ‘फाइलला लागतात’ म्हणून ओरिजिनल ठेवून घेतात. तुझीही तिथं असतील तर नोकरी सोडायची आहे हे सांगण्याआधी काहीतरी कारण काढून ती घरी आण. बँकेचं कर्ज म्हण, काहीही म्हण. अनुभवाचा दाखलाही लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, आत्ताच घे. ‘इयत्ता पाचवी ते आठवी, विषय इंग्रजी’ असं स्पष्ट लिहून घे. राजीनाम्यानंतर मुख्याध्यापक महिनाभर मीटिंगमध्ये असतात.

मग विद्यापीठ. तुझ्याकडे पासिंग सर्टिफिकेट असेल आणि पदवीदानाची पदवी आणायची राहिली असेल. आपल्याकडे निम्म्या लोकांची राहिलेली असते. तिकडे पासिंग सर्टिफिकेट कुणी बघत नाही. बी.ए. आणि बी.एड. दोन्हींची पदवी आणि ट्रान्सक्रिप्ट काढ. पदवीवर राज्य शासनाचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग थाई वकिलातीचा, या क्रमानं. पोलिसांचा दाखला पासपोर्ट सेवेतून मिळतो, ५०० रुपये; चौकीतून पडताळणी होऊन येईल. आणि पासपोर्टवरचं नाव आणि मार्कशीटवरचं नाव अक्षर-अक्षर जुळतंय ना बघ. माझ्या पदवीवर वडिलांच्या नावात एक ‘ए’ जास्त होता. त्या ‘ए’नं मला कराड-कोल्हापूरच्या तीन खेपा घालायला लावल्या.

शाळा शोधायचा हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल, मेच्या सत्रासाठी. दुसरा छोटा हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरचा. मुलाखत व्हिडिओवर होते आणि बहुतेक दहा मिनिटांचा नमुना पाठ घ्यायला सांगतात. त्यात व्याकरण समजावू नकोस. तीन वस्तू घेऊन बस, त्यांच्याकडून वाक्य बोलवून घे. तू बोललीस किती हे कुणी मोजत नाही, समोरच्याला बोलवलंस किती ते बघतात. मुलाखत संपताना तूही एक प्रश्न विचार: ‘आत्ता तुमच्याकडे कुणी भारतीय किंवा फिलिपिनो शिक्षक आहेत का, मला त्यांच्याशी बोलता येईल का?’ चांगली शाळा लगेच नंबर देते. माझी दुसरी शाळा, नाखोन पाथोमची, अशीच मिळाली. तिथल्या फिलिपिनो बाईंनी मला फोनवर पहिल्यांदा काय सांगितलं असेल? ‘पगार २५ तारखेला येतो आणि एप्रिललाही येतो.’ मी त्याच दिवशी हो म्हटलं.

एजंटच्या फीतून वाचलेल्या पैशातले ऐंशी हजार मात्र वेगळे ठेव. खोलीचं डिपॉझिट दोन महिन्यांचं आणि एक महिन्याचं भाडं आगाऊ मागतात, पहिला पगार महिन्यानं येतो, आणि तोपर्यंत जेवायचं असतं. शाकाहारी असशील तर ‘जे’ हा शब्द पाठ कर. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरं असतात, तिथं फिश सॉससुद्धा नसतो. शेंगांची चटणी दोन किलो ने. एक किलो स्टाफरूममध्ये पहिल्याच आठवड्यात संपते.

टीईटीची काळजी नको. ते प्रमाणपत्र २०२१ पासून आजन्म ग्राह्य आहे, तू परत येशील तेव्हा ते असेल. 

बाबा काही बोलत नाहीत म्हणतेस. माझेही बोलत नव्हते. बहुधा त्यांनाही त्या एजंटबद्दल तेच वाटतंय जे मला वाटलं, फक्त तुझा उत्साह मोडायला नको म्हणून गप्प असतील. त्यांना ई-मायग्रेटची साइट उघडून दाखव, ३०,००० चा आकडा सांग आणि बघ बोलतात का.

जूनमध्ये गेलेली असशील तर एक सोहळा बघशील. वाय ख्रू, गुरूला वंदन. बहुतेक गुरुवारी असतो, आणि गुरुवारला ते बृहस्पतीचंच नाव देतात. मुलं गुडघ्यांवर सरकत पुढे येतात आणि हातातलं तबक पुढे करतात. त्यात वांग्याचं फूल असतं, कारण ते फळ धरताना खाली वाकतं, आणि दूर्वा असतात. खऱ्याखुऱ्या दूर्वा, कुठेही भराभर पसरणाऱ्या, तशी विद्या पसरावी म्हणून. पहिल्या वर्षी, त्या परमिट नसलेल्या वर्षी, माझ्यासमोरही एक तबक आलं होतं. मी ते घेतलं, पण त्या मुलीकडे नीट बघू शकले नाही. नाखोन पाथोमला पुढच्या जूनमध्ये बघू शकले.

तेव्हा जा. या महिन्यात नाही, या माणसाकडून नाही. सोमवारी अर्धा दिवस रजा टाकून सोलापूरला विद्यापीठात पदवीचा अर्ज दे. टोइकची तारीख बघ. फेब्रुवारीत अर्ज पाठवायला लाग, आणि करार आला की सही करण्याआधी मला पाठव, मी इंग्रजी प्रत आहे का तेच पहिल्यांदा बघणार आहे. पाटल्या आज संध्याकाळीच आईच्या हातात घाल.

तुझी,
टीचर पातिन